कुलूपबाई

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे कुलूपबाई म्हणत. अर्थात माघारी. तोंडावर म्हणायची छाती कोणाचीच नव्हती, मोठ्या साहेबांचीसुद्धा नाही. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे आणि त्या मला 'अगं ए' म्हणायच्या. नाव लक्षात ठेवावं असं काही मी आयुष्यात केलेलं नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं आणि ते त्यांनी मला दोनदा सांगितलंही होतं.

आमच्या ऑफिसचं काम म्हणजे देश किती जेवतो ते मोजणं. कागदावर त्याला अन्नसुरक्षेचा आढावा म्हणतात. दर वर्षी चिठ्ठ्या काढून घरं निवडायची, प्रत्येक घरी माणूस पाठवायचा, आठ प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वर पाठवायची. वर कुठेतरी नकाशा रंगवतात. जिथे खायला पुरेसं आहे तो भाग हिरवा, काठावरचा पिवळा, जिथे लोक उपाशी राहतात तो लाल. लाल आणि पिवळ्या भागात सवलतीच्या धान्याचं दुकान चालू राहतं. भाग हिरवा झाला की दुकान बंद. बाई दारोदार फिरून फॉर्म भरायच्या आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवायचे. त्या उन्हात, मी पंख्याखाली. हा फरकही त्या अधूनमधून ऐकवायच्या.

आता निवडलेलं घर बंद असलं तर काय करायचं? पुस्तिकेत त्याची सोय आहे. घर बंद असेल तर त्याच्या उजव्या हाताचं घर घ्यायचं. तेही बंद असेल तर त्याच्या उजव्या हाताचं. आणि फॉर्मच्या कोपऱ्यात सात आकडा घालायचा. सात म्हणजे 'घर बंद, बदली घर घेतलं'. मी आजवर इतके सात दाबलेत की माझ्या कीबोर्डवरचा सात पुसून गेलाय. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. नियम कोणीतरी विचार करूनच केला असेल ना, हे एक वाक्य मनाशी म्हणत राहिलं की सरकारी नोकरीत माणूस निवृत्तीपर्यंत सुखात जातो.

बाईही पहिली पाच वर्षं मुकाट्यानं सात घालत होत्या. मग एकदा त्या एका बदली घरात चष्म्याची डबी विसरल्या आणि दिवे लागायच्या वेळी ती आणायला परत गेल्या. दुपारी बंद असलेलं शेजारचं घर तेव्हा उघडं होतं. आत सहा माणसं आणि मधे एक पातेलं, आणि ते पातेलं सहा माणसांचं नव्हतं हे दारातूनच कळत होतं. बाईंनी डबी घ्यायच्या आधी पिशवीतून कोरा फॉर्म काढला, उंबऱ्यावर बसल्या आणि आठही प्रश्न विचारले. सात 'हो' आले. त्याच घराच्या जागी दुपारी त्यांनी उजव्या हाताच्या घरचे आठ 'नाही' लिहून घेतले होते. ते घर एका निवृत्त माणसाचं होतं आणि त्यांनी बाईंना दोन केळी खाऊ घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही फॉर्म तेव्हाच्या साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"यातला देश कोणता, साहेब?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी नियम दाखवला. तेव्हा बाईंनी त्यांना जे ऐकवलं ते हॉलमधल्या चौदा टेबलांना ऐकू गेलं. जे घर पहाटे सहाला कामावर निघतं त्याला आपण भर दुपारी गाठायला जातो. ते सापडत नाही. मग ज्याला घरी बसून खाणं परवडतं त्याला आपण विचारतो, बाबा रे, जेवलास का? तो काय नाही म्हणणार आहे? बंद घर रिकामं नसतं साहेब, ते कामावर गेलेलं असतं. आणि आपण दर वर्षी देशातले उपाशी लोक नेमके हुडकून काढतो आणि त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसतो. साहेबांनी पाणी मागवलं. त्यानंतर बाईंनी आयुष्यात पुन्हा सात घातला नाही.

म्हणून कुलूपबाई. एकेका कुलपासाठी त्या तीनदा, चारदा जायच्या. पहाटे साडेपाचला, दिवे लागल्यावर, सुट्टीच्या दिवशी. कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटायची वाट बघत उभ्या राहायच्या. कुलपाकडे बघून त्या घर ओळखायच्या. कुलपावर धूळ असेल तर माणसं गावाला गेलीत, हाताळून चकचकीत झालं असेल तर रोज कामाला जातात, आणि दोरीनं बांधलेली कडी असेल तर चोरण्यासारखं आत काही नाही, हा फॉर्म लांबलचक होणार. त्यांचे फॉर्म नेहमी उशिरा यायचे. बाकीचे लोक वीस दिवसांत मोकळे व्हायचे, बाईंना पन्नास लागायचे आणि मी त्यांच्या नावानं खडे फोडत थांबायचे.

गोड होत्या असं म्हणणार नाही मी. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. चहात साखर नको, बोलण्यातही नको. एकदा मी एका गठ्ठ्यात पाचव्या प्रश्नाची उत्तरं सहाव्यात चढवली, तर त्यांनी मला चारशे बारा फॉर्म पुन्हा चढवायला लावले आणि तोवर समोर स्टूल टाकून बसल्या. मी म्हटलं, एवढ्यानं काय आभाळ कोसळणार आहे? त्या म्हणाल्या, पाचवा प्रश्न अर्धपोटी राहिलेल्याचा आहे आणि सहावा उपाशी झोपलेल्याचा. तुला दोन्ही सारखेच वाटत असतील तर आज डबा खाऊ नकोस आणि उद्या मला सांग. मी डबा खाल्ला, पण तो गोड लागला नाही.

हा ताठा त्यांच्यात लहानपणापासून होता म्हणे. त्यांचे वडील धान्याच्या सरकारी गोदामावर पहारेकरी होते. छतापर्यंत रचलेल्या पोत्यांच्या दाराशी ते बारा तास उभे राहायचे आणि घरी यायचे तेव्हा आई डबा उपडा करून बोटानं तळ पुसत असायची. एका साली गोदामात इतकं धान्य आलं की उरलेलं बाहेर ताडपत्रीखाली ठेवलं आणि तिथेच कुजलं. त्या साली मंत्री रेडिओवर म्हणाले की देशात धान्याची टंचाई नाही. बाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्यांनी वडिलांना विचारलं, हे खोटं बोलतात का? वडील म्हणाले, नाही पोरी, खरंच बोलतात, देशात आहे. आपल्या घरात नाही, ते वेगळं. बाई म्हणायच्या, मला अख्ख्या नोकरीत त्याहून जास्त काही कळलेलं नाही.

लग्न झालं, नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता, तो लवकर गेला. मुलगी लांब दिली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, खोलीत एक कपाट, आणि कपाटात एकोणीस वर्षांच्या पुस्तिका ओळीनं लावलेल्या. एकोणीस वर्षं म्हणजे एकोणीस करार. आमच्याकडे फिरतीची माणसं वर्षाच्या करारावर घेतात. माझी नोकरी कायमची आहे, कारण मी बसून काम करते. हे असं का, हे मला विचारू नका. नियम कोणीतरी विचार करूनच केला असेल.

इतकी वर्षं बाईंचा हट्ट चालून गेला, कारण त्यांचे फॉर्म शेकडो फॉर्मांत मिसळून जायचे. मग एक साल असं आलं की वरून हुकूम सुटला, नकाशा आता वॉर्डनिहाय रंगवायचा. रंगवला. आजूबाजूचे अकरा वॉर्ड हिरवेगार आणि मधे बाईंचा एक वॉर्ड लालभडक. शेजारच्या वॉर्डात काय वेगळे लोक राहतात? तेच कारखाने, त्याच चाळी. फक्त तिथे उजव्या हाताची घरं मोजली होती.

मोठे साहेब नवीन होते. त्यांना वरून फोन आला. या वर्षी विक्रमी पीक आहे, गोदामं भरून वाहताहेत आणि तुमच्याकडे लाल कसा? साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं की फेरतपासणी होईल. फॉर्म खोटे ठरले तर ते रद्द होतील, वॉर्ड हिरवा होईल आणि खोटी माहिती भरल्याबद्दल त्यांना काढून टाकलं जाईल. आत्ताच 'नजरचुकीनं झालं' असं लिहून दिलं तर प्रकरण इथेच मिटेल. बाई म्हणाल्या, "माझी नजर चांगली आहे. या तपासायला."

मी मधल्या सुट्टीत त्यांना समजावलं. म्हटलं, बाई, द्या ना लिहून. तुमच्या एकटीच्या लाल रंगानं देश जेवणार आहे का? त्या म्हणाल्या, देशाचं माहीत नाही, पण त्या वॉर्डातलं धान्याचं दुकान बंद झालं तर माझ्या यादीतली एकतीस घरं काय करणार ते मला घरागणिक माहीत आहे. तुला ऐकायचंय? मला ऐकायचं नव्हतं. मी डबा झाकला आणि जागेवर गेले.

फेरतपासणी सुट्टीच्या दिवशी ठेवली, म्हणजे घरं उघडी सापडावीत. जीपमध्ये मोठे साहेब, त्यांचा कारकून, एक फोटोवाला, वॉर्डाचा नगरसेवक आणि ड्रायव्हर. बाई. आणि मूळ फॉर्मांची पेटी मांडीवर घेऊन मी, कारण पेटी माझ्या सहीशिवाय ऑफिसबाहेर जात नाही. सुट्टी बुडाली म्हणून मी आधीच तापलेले होते. गल्ली बिस्किटांच्या कारखान्यामागे होती. भाजलेल्या मैद्याचा नि साखरेचा वास सगळीकडे दरवळत होता आणि गल्लीच्या मधून उघडं गटार वाहत होतं.

पहिल्या घरी दारातच साहेबांनी प्रश्न सुरू केले. घरातला बाप्या पुढे आला. मागे बायको, बाजूला नगरसेवक, समोर कॅमेरा. गेल्या तीस दिवसांत घरात धान्य संपेल अशी काळजी वाटली? "छे छे साहेब, आम्हाला काय कमी आहे?" आठच्या आठ 'नाही'. दुसऱ्या घरी आठ 'नाही'. तिसऱ्या घरी एक म्हातारी म्हणाली, खाऊन खाऊन कंटाळा येतो बाबा. चौथ्या घरीही तेच. पेटीतल्या बाईंच्या फॉर्मांवर याच घरांचे कुठे सहा 'हो' होते, कुठे सात. साहेब प्रत्येक वेळी बाईंकडे बघायचे आणि कारकून लिहून घ्यायचा.

आणि बाई गप्प. फेरतपासणीत पहिल्या तपासनीसानं तोंड उघडायचं नाही असा नियम आहे, म्हणून त्या एक अक्षर बोलत नव्हत्या. त्या बायका बाईंकडे बघत होत्या, डोळ्यांनी काहीतरी विचारत होत्या आणि बाई भिंतीकडे बघत होत्या. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! नोकरी चालली, दुकान चाललं, एकोणीस वर्षं पाण्यात चालली आणि ही बाई नियम पाळतेय. मला वाटलं, घ्या, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच. मुठीत काही नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, तरी एकही बाई ती उघडायला तयार नाही.

पाचवं घर बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरणाऱ्या बाईचं होतं. पस्तिशीची असेल. नवरा ट्रकवर हमाल, तीन मुलं. साहेब दारात उभे राहिले, कॅमेरा वर झाला आणि ती म्हणाली, नाही, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. साहेबांनी फॉर्म मिटला आणि बाईंना म्हणाले की आता पुढची घरं बघायचीसुद्धा गरज दिसत नाही.

तेव्हा बाईंनी पिशवीतून पुस्तिका काढली. पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

"तपासणी संपली असं तुम्ही म्हणालात, म्हणजे आता मला बोलता येतं," त्या म्हणाल्या. "पान अकरा. प्रश्न स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला एकांतात विचारावेत, इतर कोणीही हजर नसावे. साहेब, आपण इथे सात जण उभे आहोत आणि त्यातला एक फोटो काढतोय. हे पाचही फॉर्म पुस्तिकेप्रमाणे रद्द आहेत. मी नाही, तुमचंच पुस्तक म्हणतंय."

नगरसेवक हसला, पण साहेब हसले नाहीत, कारण पुस्तिकेवर पहिल्या पानावर त्यांचीच सही होती. ते म्हणाले, ठीक आहे, मग कोण जाणार आत? तुम्ही जाल आणि पुन्हा 'हो' लिहून आणाल. बाई म्हणाल्या, मी नाही जाऊ शकत, पान चौदा, पहिल्या तपासनीसानं पुन्हा विचारू नये. साहेबांनी स्वतःकडे बघितलं, कारकुनाकडे बघितलं. परक्या बाईच्या घरात एकट्यानं शिरून दार लावायची तयारी कोणाचीच दिसेना. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, मी फक्त चढवते. मला विचारता येत नाही.

"वाचता येतं ना?" बाई म्हणाल्या. "जा."

आत एक लोखंडी खाट, एक शेगडी, घासून उपडी घातलेली भांडी. तीन मुलांना तिनं मागच्या दारानं बाहेर काढलं. मी कागद धरून पहिला प्रश्न शाळेत धडा वाचतात तसा वाचला. ती म्हणाली, बाहेर सांगितलं तेच लिहा ना ताई. माझे गुडघे दुखत होते, डोकं दुखत होतं, मी भडकले. म्हटलं, तेच लिहायचं होतं तर मी आत कशाला मरायला आले असते? आधी मला बसायला काहीतरी दे. तिनं पत्र्याचा डबा पुढे सरकवला. मी बसले तर ती एकदम खाली बसली आणि हळू आवाजात विचारायला लागली की त्या बाईंना काढून टाकणार का.

माझ्या लक्षातच येईना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जीप आलेली बघून गल्लीभर बातमी फिरली होती, की आपण 'हो' म्हणालो ते त्या बाईंनी लिहून घेतलं म्हणून त्यांच्यावर बालंट आलंय. पहाटे येऊन बसणारी, घाई न करणारी, मूल रडलं तर फॉर्म बाजूला ठेवून मूल घेणारी बाई. तिला आपल्यामुळे त्रास नको. म्हणून सगळ्या घरांनी ठरवलं होतं, सगळ्याला 'नाही' म्हणायचं, म्हणजे बाई सुटतील. अख्खी गल्ली त्यांना वाचवायला निघाली होती आणि त्यांनाच बुडवत होती.

मी तिला सांगितलं, खरं बोललीस तरच त्या वाचतील. मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि ती उत्तरं द्यायला लागली. पाचव्या प्रश्नाशी आली आणि अडली. घरातलं कोणी मोठं माणूस पोटभर न जेवता उठलं का? नाही, ती म्हणाली, मुलं जेवतात, हे जेवतात, ह्यांना ओझी उचलायची असतात.

"आणि तू?"

"त्या दिवशी त्या बाईंनी मलाही धरलं होतं," ती म्हणाली. "घरातलं कोणी म्हणजे मलापण धरायचं असतं का? मला वाटलं त्यांची ती चूकच झाली असेल, म्हणून साहेब आले."

एकवीस वर्षं मी तो प्रश्न चढवत होते. 'घरातलं कोणी मोठं माणूस'. किती लाख 'नाही' दाबले असतील मी. त्यातल्या किती घरांत स्वयंपाक करणारीनं स्वतःला सोडून बाकीच्यांची डोकी मोजली असतील? मला कधी वाटलंच नाही विचारावंसं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी जरा जोरातच म्हटलं की हो, तुला पहिली धरायची, काय सांगतेस ते सांग. तिनं सांगितलं. शेवटचा प्रश्न होता, गेल्या तीस दिवसांत संपूर्ण दिवस काहीही न खाता किती वेळा गेला? ती बोटांवर मोजत म्हणाली चार. मग म्हणाली, नाही, पाच, परवाचा धरला तर. आणि हे सगळं बिस्किटांच्या वासात.

बाहेर येऊन मी फॉर्म साहेबांच्या हातात दिला. त्यांनी पेटीतला जुना फॉर्म काढून ताडून पाहिला. एक दिवसाचा फरक होता, तोही वाढीचा. मी म्हटलं, आता मागची चार घरं आणि पुढची सव्वीस. साहेब म्हणाले, एवढी कशाला, नमुन्यादाखल झालं. मी म्हटलं, पान चौदा साहेब, सुरू केलेली फेरतपासणी पूर्ण करावी. असं काही पान चौदावर नव्हतं. पण त्यांनी पुस्तिका वाचलेली नाही हे तोवर मला कळलं होतं. ते संध्याकाळपर्यंत जीपमध्ये घाम पुसत बसले आणि मी गुडघे धरून एकतीस उंबरे चढले.

वॉर्ड लाल राहिला. धान्याचं दुकान चालू राहिलं. दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली उत्तरं जुळली की फॉर्म रद्द करता येत नाही, हे मात्र पुस्तिकेत खरोखर आहे. बाईंना खोटेपणाबद्दल कोणी काढू शकलं नाही. तीन महिन्यांनी करार संपला तेव्हा त्यांना एक ओळीचं पत्र मिळालं, की यापुढे सेवेची आवश्यकता नाही. त्यांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, बघ, यात व्याकरणाची एकही चूक नाही, कोणीतरी मन लावून लिहिलंय.

देशभरची पुस्तिका आमच्याच ऑफिसातून निघते. दुसऱ्या वर्षीची टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी जुनी समोर ठेवून ओळीला ओळ उतरवली. पाचव्या प्रश्नाखाली मी एक ओळ जास्त टाइप केली: 'घरातलं कोणी म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती धरून, तिला आधी विचारावे.' आणि बदली घराच्या नियमात घातलं: 'निवडलेल्या घरी तीन वेळा जावे, त्यांपैकी एकदा दिवे लागल्यावर.' कोणाला विचारलं नाही. साहेबांनी पहिल्या पानावर सही केली आणि पुस्तिका छापायला गेली. तिच्या हजारो प्रती देशभर वाटल्या गेल्या. त्या वर्षी हिरवे वॉर्ड भराभर पिवळे पडायला लागले आणि वर गोंधळ उडाला. नियम कुठून आला हे अजून कोणाला सापडलेलं नाही. सापडलं तर मी आहेच.

त्याच वर्षीच्या गठ्ठ्यांत एक दिवस माझ्यासमोर तो फॉर्म आला. पत्ता वाचला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. घरात माणसं एक. पहिला प्रश्न हो, दुसरा हो, पाचवा हो, सहावा हो. संपूर्ण दिवस काही न खाता, तीन वेळा. शेरा लिहायच्या जागेत नव्या तपासनीसानं लिहिलं होतं की उत्तर देणाऱ्या बाईंनी फॉर्म स्वतः वाचून पाहिला, एक आकडा दुरुस्त करायला लावला आणि गरज नसताना खाली सही केली. सही मी ओळखली.

साहेब तेव्हा नेमके मागे उभे होते. त्यांनीही पत्ता ओळखला. म्हणाले, ही सूड उगवते आहे, तुम्ही असं करा, हे घर बंद दाखवा आणि उजव्या हाताचं घ्या, मी बघतो.

"घर उघडं होतं, साहेब," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर एकेक 'हो' दाबला.

त्या संध्याकाळी मी धान्याची पिशवी घेऊन तो जिना चढले. दारात उभी राहिले तर पिशवी आपोआप पाठीमागे गेली. बाई वाचत बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या आणि आवाज तोच होता. मी रडकुंडीला येऊन विचारलं, की मला का नाही सांगितलंत? मी रोज फोन करत होते ना?

"करत होतीस. 'जेवलात का बाई' म्हणायचीस. मी 'हो' म्हणायचे," त्या म्हणाल्या. "याला विचारणं म्हणतात? तुला इतक्या वर्षांत एवढंही कळू नये? ती पोरगी आली, समोर बसली, दार लावून नीट विचारलं. तिला सांगितलं."

पिशवी मागे धरून हाताला रग लागली होती. त्यांनी उठून ती माझ्या हातातून ओढून घेतली, तोंड उघडून आत पाहिलं आणि शेगडीशेजारी ठेवली.

"लाजतेस काय अशी?" त्या म्हणाल्या. "उपाशी मी होते, तू नाहीस. आणि मीही लाजत नाही. ज्यांनी हिरवा रंग फासला त्यांना लाजू दे. बस आता. दोघींचं टाकते."